तपासणीच्या दिवशी फेटलिंग चालू ठेवा : कोल्हापूर परिसरातल्या फाउंड्री मालकांना खुले पत्र

प्रति,
फाउंड्री मालक, कारखाना व्यवस्थापक आणि सेफ्टी ऑफिसर,
उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले परिसर, कोल्हापूर.

स. न. वि. वि.

आमच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतण्याच्या कारखान्यात, बोर्डावर एक सूचना लागली आहे. सिलिकाच्या, म्हणजे वाळूतल्या मुख्य खनिजाच्या, धुळीसंदर्भात सुरक्षा तपासणी होणार आहे. त्या दिवशी फेटलिंग शॉप, म्हणजे ओतलेला जॉब घासून साफ करतात तो विभाग, बंद राहील. नॉक-आउट, म्हणजे साचे फोडायचं काम, आदल्या रात्रपाळीत उरकून घ्यावा. फर्नेसच्या लायनिंगचं, म्हणजे भट्टीच्या आतल्या थराचं, काम पुढे ढकलावं. ठेकेदाराच्या माणसांना सुट्टी द्यावी. राहिलेल्यांनी सकाळी स्टोअरमधून नवीन मास्क घ्यावा आणि साहेब जाईपर्यंत तो तोंडावरून काढू नये. सूचना लागली त्याच दुपारपासून शॉप धुवायला आणि खांबांना पिवळे-काळे पट्टे मारायला माणसं लावली.

मी या कारखान्याच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे बनवतात तिथे, काम करते आणि सेफ्टी कमिटीवर कामगारांची प्रतिनिधी आहे. ही सूचना लावण्याआधी कमिटीला कुणी विचारलं नाही. मी हरकत घेतली तेव्हा उत्तर मिळालं, ‘सगळीकडे असंच करतात.’ वसाहतीतल्या इतर कारखान्यांतल्या बायका-माणसांशी बोलले, तर बऱ्याच ठिकाणी खरोखरच असंच करतात. म्हणून कारखान्याचं नाव न घेता हे पत्र तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि उघडपणे लिहिते आहे, कारण ज्यांच्या छातीत ही धूळ जाते त्यांनाही ते वाचता आलं पाहिजे.

मी गप्प का बसू शकत नाही, ते आधी सांगते.

माझे मिस्टर याच पट्ट्यातल्या वेगवेगळ्या फाउंड्रीत ठेकेदाराकडे इंडक्शन फर्नेसच्या लायनिंगचं काम करायचे. भट्टीच्या आतून रॅमिंग मासचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या कोरड्या भुकटीचा, थर ठोकून बसवलेला असतो. आपल्याकडे ओतीव लोखंडाच्या भट्ट्यांना जी मास वापरतात ती जवळपास निव्वळ सिलिका असते, ९८ टक्क्यांच्या आसपास. एकामागून एक हीट, म्हणजे धातू वितळवायच्या फेऱ्या, घेत घेत थर झिजतो. मग भट्टी थंड करायची, जुना थर ब्रेकरने फोडायचा, तुकडे आणि भुकटी बाहेर काढायची आणि नव्या पोत्यांतली कोरडी मास ओतून पुन्हा ठोकून बसवायची. पोतं उपडं केलं की भट्टीच्या तोंडातून पांढरा लोट वर येतो. त्या वेळी माणूस कडेवर ओणवा असतो नाहीतर आत उतरलेला असतो, त्याला बाजूला सरकायला जागा नसते. शिवाय इतक्या उष्णतेत राहिलेल्या जुन्या थरातल्या क्वार्ट्झचा, म्हणजे स्फटिकरूपातल्या सिलिकाचा, काही भाग क्रिस्टोबलाइट झालेला असतो. हे सिलिकाचंच दुसरं रूप, तेही फुप्फुसाला तितकंच वैरी. तोंडाला काय, तर ओला रुमाल.

त्यांचे कामाचे कपडे मी घरी धुवायची. कॉलरच्या आत आणि खिशाच्या शिवणीत पिठासारखी पूड बसलेली असायची. बादलीत भिजवलं की तळाला राखाडी गाळ धरायचा आणि त्यावरून बोट फिरवलं की करकरायचं. आमची मुलं त्याच मोरीत आंघोळ करायची.

आधी कोरडा खोकला आला. मग जिना चढताना दम लागायला लागला. एक्स-रेवर ठिपके दिसले म्हणून टीबीचा कोर्स सुरू केला. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरीही. कोर्स पूर्ण झाला, दम तसाच. पुन्हा कोर्स. शेवटी छातीच्या एका डॉक्टरांनी विचारलं, ‘काम काय करता?’ हा प्रश्न तोपर्यंत कुणीच विचारला नव्हता. सिलिकॉसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, असल्याचं तेव्हा कळलं. आता ते घरी असतात आणि रात्री ऑक्सिजनचं मशीन लावून झोपतात.

सिलिकॉसिस हा कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीतला व्यवसायजन्य रोग होता, आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, जुन्या कायद्यातही तो होता. म्हणजे आम्हाला हक्काची भरपाई मिळायला हवी होती. पण ठेकेदाराच्या हजेरीवर त्यांचं नाव कधी असायचं, कधी नसायचं. ईएसआयचा नंबर निघालाच नाही. कुठल्या कारखान्यात किती काळ भट्टी फोडली याचा एकही कागद आमच्याकडे नाही. तपासणीच्या दिवशी ठेकेदाराच्या माणसांना सुट्टी, हे वाक्य बोर्डावर वाचलं तेव्हा मला त्याचा पुढचा अर्थ लगेच कळला. जो माणूस त्या दिवशी दिसत नाही, त्याची धूळ मोजली जात नाही, त्याची छाती तपासली जात नाही, आणि दहा वर्षांनी तो आजारी पडला की तो इथे कधी कामाला होता हेच सिद्ध होत नाही.

या आजाराबद्दल थोडं लिहिते, कारण व्यवस्थापनाच्या केबिनमध्येही ‘धूळ सगळीकडेच असते’ असं बोललं जातं. रस्त्यावरची धूळ नाकात अडकते, शिंकेबरोबर निघून जाते. सिलिकाचे जे कण मारतात ते चार-पाच मायक्रॉनच्या आतले. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. हे कण डोळ्याला दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात आणि त्यातच मरतात. त्या जागी वण धरतो, गाठी होतात, फुप्फुस आखडत जातं. बहुतेकांना दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळाने त्रास सुरू होतो. धूळ फार असेल तर पाच वर्षांच्या आतही होतो. यावर औषध नाही. काम सोडलं तरी आजार पुढे सरकतच राहू शकतो. टीबी होण्याचा धोका वाढतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, १९९७ सालीच क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइटच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. म्हणजे शॉप धुतला, खांब रंगवले आणि हवा स्वच्छ दिसली, तरी त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. दिसणारी धूळ बसली तरी मारणारी तशीच हवेत असते.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. जिथे धूळ होते तेच काम मोजणीच्या दिवशी बंद ठेवलं जातं. फाउंड्रीत धूळ कुठे होते हे इथल्या कुठल्याही हेल्परला विचारा. नॉक-आउटला, जिथे साचा फोडून गरम, सुकलेली वाळू झटकतात. फेटलिंगला, जिथे जॉबला चिकटलेली, भाजलेली वाळू ग्राइंडरने उडवतात. शॉट ब्लास्टिंगला, जिथे बंद पेटीत लोखंडी छर्रे मारून जॉब साफ करतात, जर दाराचं रबर फाटलेलं असेल तर. वाळू पुन्हा वापरात आणणाऱ्या प्लँटला. आणि भट्टीच्या लायनिंगला. हे सगळं थांबवून मग हवेचा नमुना घेतला, तर तो नमुना फाउंड्रीचा नाहीच.

नमुना कसा घ्यायचा हेही मी कमिटीवर आल्यापासून शिकून घेतलं. कामगाराच्या कॉलरजवळ, नाकापासून वीतभर अंतरात छोटा सायक्लोन आणि फिल्टर लावतात, कमरेला बॅटरीचा पंप असतो, आणि पूर्ण पाळीभर तो माणूस नेहमीसारखं काम करतो. सायक्लोन जाड धूळ खाली पाडतो आणि फुप्फुसात जाणारीच बारीक धूळ फिल्टरवर जमा करतो. मग प्रयोगशाळेत तिचं वजन आणि तिच्यातलं क्वार्ट्झ मोजतात. आमच्याकडे मागच्या वेळी यंत्र शॉपच्या दारात, वाऱ्याच्या तोंडावर, स्टुलावर ठेवलं होतं. स्टूल श्वास घेत नाही. पंप फेटलरच्या अंगावर लावा.

मर्यादेचंही सांगते. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात जी दुरुस्ती झाली, त्यात दुसरी अनुसूची आली आणि त्यात हे सूत्र होतं : श्वासातून आत जाणाऱ्या धुळीतली क्वार्ट्झची टक्केवारी घ्या, त्यात दोन मिळवा, आणि त्या बेरजेने दहाला भागा. येईल ते उत्तर म्हणजे एका घनमीटर हवेत चालणारी धूळ, मिलिग्रॅममध्ये. धुळीत १८ टक्के क्वार्ट्झ असेल तर मर्यादा अर्धा मिलिग्रॅम. रॅमिंग माससारखी ९८ टक्क्यांची धूळ असेल तर ०.१ मिलिग्रॅम. अमेरिकेने २०१६ सालच्या नियमाने सिलिकाची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅमवर आणली, म्हणजे आपल्या सूत्राच्या साधारण निम्म्यावर. आपली सैल मर्यादासुद्धा भट्टी फोडणाऱ्या माणसाच्या कॉलरवर कधी मोजलेली मी पाहिली नाही.

दुसरी तक्रार ठेकेदाराच्या माणसांची. आज फेटलिंग, नॉक-आउट आणि लायनिंग या तिन्ही कामांवर बहुतेक तेच आहेत. बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेली पोरं आहेत, काही आपल्याच राधानगरी-गगनबावड्याकडची. कायम कामगार हळूहळू मशीन शॉपला आणि तयार माल तपासायच्या टेबलावर गेला, धुळीचं काम ठेक्यावर गेलं. पोरगं दोन-तीन वर्षांनी गावी निघून जातं आणि आजार तिकडे उगवतो. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरच्या आदिवासींचं हेच झालं. ते गुजरातेत गोध्र्याकडच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत कामाला जायचे आणि मरायला घरी यायचे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातलं, आणि २०१६ साली गुजरात सरकारला २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला सांगितलं. हे पैसे मेल्यानंतर मिळाले आणि त्यासाठीही वर्षानुवर्षं भांडावं लागलं. कोल्हापूरचं नाव अशा यादीत यावं असं तुमच्यापैकी कुणालाही वाटत नसेल, याची मला खात्री आहे.

तिसरी, मास्क. एका दिवसापुरता दिला जाणारा निळा सर्जिकल मास्क सिलिकासाठी निरुपयोगी आहे. तो गालाला बसत नाही, हवा कडेने आत येते. कापडी मास्कचं आणि रुमालाचं तेच. चेहऱ्याला घट्ट बसणारा निदान एन ९५ दर्जाचा, आणि लायनिंगसारख्या कामाला फिल्टरचा रबरी हाफ मास्क लागतो. तो कुणाच्या चेहऱ्याला कोणता बसतो हे तपासून द्यावा लागतो, दाढी वाढलेली असेल तर तो बसत नाही, आणि फिल्टर वेळेवर बदलावे लागतात. पण मास्कवर मी जास्त बोलणार नाही, कारण मास्क हा शेवटचा उपाय आहे. चाळीस अंशाच्या उन्हाळ्यात, भट्टीशेजारी, आठ तास रबरी मास्क लावून हॅमर मारायला सांगणं आणि त्याने तो खाली ओढला की त्यालाच मेमो देणं, हे सुरक्षेचं काम नव्हे. धूळ जिथे उडते तिथेच ती आधी पकडली पाहिजे.

आणि ती पकडायची यंत्रणा हीच चौथी तक्रार. बहुतेक कारखान्यांत नॉक-आउटवर धूळ ओढणारा हूड आहे, ती वाहून नेणारा डक्ट आहे, मागे ती अडवणारा पिशव्यांचा बॅग फिल्टर आहे. कर्ज काढून बसवलेली यंत्रं आहेत ही. पण आमच्या डक्टच्या वळणावर वाळूने घासून हाताएवढं भोक पडलं आहे आणि त्यावर गोणपाट बांधलं आहे. बॅग फिल्टरचा दाब दाखवणारा मॅनोमीटर एकाच आकड्यावर अडकलेला आहे, पंखा चालू असो की बंद. पिशव्या फाटल्या तर कळायला मार्ग नाही. हूडसमोर एक उदबत्ती पेटवून धरा. धूर हूडमध्ये ओढला गेला तर यंत्र काम करतं, कामगाराच्या तोंडाकडे आला तर करत नाही. याला ना पैसे लागतात ना इंजिनिअर.

पाचवी तक्रार दोन सवयींची आहे. एक, मोल्डमधली सुटी वाळू काढायला आणि पाळी सुटल्यावर अंगावरचे कपडे झटकायला हवेचा पाइप मारणं. दुसरी, कोरडा झाडू. या दोन्हींनी खाली बसलेली धूळ पुन्हा उडते आणि सगळ्या शॉपभर पसरते. पाणी शिंपडून गोळा करणं किंवा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरणं हा साधा पर्याय आहे. वितळलेल्या धातूच्या जवळ पाणी चालत नाही हे आम्हालाही कळतं, तिथे व्हॅक्यूमच पाहिजे.

सहावी. वर्षातून एकदा गाडी येते, वजन-उंची-रक्तदाब होतो, छातीचा फोटो निघतो आणि तो फोटो कुठे जातो ते कामगाराला कळत नाही. ‘सगळं नॉर्मल आहे’ असं सुपरवायझर सांगतो. सिलिकॉसिससाठी छातीचा एक्स-रे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या, म्हणजे आयएलओच्या, ठरावीक फिल्म शेजारी ठेवून वाचायचा असतो, आणि ते शिकलेले डॉक्टर लागतात. सोबत फुंकण्याची चाचणी, पीएफटी, दरवर्षी झाली पाहिजे, म्हणजे मागच्या वर्षीपेक्षा किती उतरली ते दिसतं. सिलिकॉसिस सापडला तर तो कळवण्याची जबाबदारी कारखान्यावर आणि डॉक्टरांवर कायद्याने आहे, तो अनुसूचित रोग आहे. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं की कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्या उद्योगाला आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोपर्यंत जपायला सांगितलं. सिलिकाही तशीच हळू मारते. त्या नोंदीची एक प्रत कामगाराच्या हातात का देता येत नाही?

सातवी तक्रार सेफ्टी कमिटीची. मिनिट्स आधी टाइप होऊन येतात, आम्ही सही करतो. मागच्या बैठकीत मी डक्टच्या भोकाचा विषय मांडला, मिनिट्समध्ये तो आलाच नाही. त्यावर मी सही केली नाही.

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. कास्टिंगचा भाव किलोवर ठरतो, ग्राहक कंपनी वर्षागणिक तो खालीच ओढते, विजेचं बिल वाढतं आणि मंदी आली की पहिला फटका फाउंड्रीला बसतो. तुमच्यातल्या अनेकांचे वडील-आजोबा उद्यमनगरात स्वतः मातीत हात घालून मोल्डिंग करायचे. हा धंदा कारागिरांनी उभा केलेला आहे, त्याचा मलाही अभिमान आहे. माझं घर त्याच्यावरच चाललं. तो बंद पडावा असं इथल्या एकाही कामगाराला वाटत नाही.

पण परवडत नाही हे उत्तर मला पूर्ण पटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच सँड लॅबमध्ये आहे. तिथली मुलगी प्रत्येक पाळीत ठरावीक वेळाने वाळूचा नमुना आणते. ओलावा, कॉम्पॅक्टिबिलिटी, परमिएबिलिटी, ग्रीन स्ट्रेंग्थ मोजते, रजिस्टरला लिहिते. ओलावा अर्ध्या टक्क्याने हलला तरी फोन जातो, कारण ब्लो होल, म्हणजे जॉबमध्ये हवेची पोकळी, आला तर अख्खी बॅच परत येते. महत्त्वाच्या जॉबची रेडिओग्राफी, म्हणजे जॉबचाच एक्स-रे, होते, आतली बारीकशी पोकळी शोधण्यासाठी. म्हणजे मोजायची शिस्त या कारखान्यांत आहे, माणसं आहेत, रजिस्टर आहेत. त्याच वाळूची हवेत गेलेली धूळ मात्र कुणाच्याच रजिस्टरला नाही. आणि मी वर लिहिलेल्यातल्या निम्म्या गोष्टींना, भोक बुजवणं, हवेचा पाइप बंद करणं, मॅनोमीटर बदलणं, एक्स-रेची प्रत देणं, यांना एका रिजेक्ट झालेल्या लॉटपेक्षाही कमी खर्च येईल.

ही वाळू सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातूनही येते. तिथे ती खणणाऱ्या, धुणाऱ्या आणि चाळणाऱ्या माणसांच्या छातीत हीच धूळ जाते. त्यांच्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल, पण त्यांना विसरून हे लिहिणं मला बरोबर वाटलं नाही.

आता तपासणीला येणाऱ्या अधिकारी साहेबांना आणि मॅडमना थोडं सांगायचं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची संहिता लागू झाली आहे आणि त्यात तुमचं पद निरीक्षक आणि सुविधाकार असं दोन्ही आहे. सुविधा मालकाला जरूर द्या, पण निरीक्षण कामगारासाठी करा. कृपया दुसऱ्या पाळीत या, नॉक-आउट चालू असताना. आत आल्यावर फेटलिंग बंद दिसलं तर ते का बंद आहे, मागच्या आठवड्यात किती टन जॉब फेटल झाले, आणि ते कुणी केले, हे विचारा. डिस्पॅचचं रजिस्टर आणि हजेरी शेजारी शेजारी ठेवली की उत्तर मिळेल. लायनिंगची पुढची तारीख विचारा आणि त्या दिवशी पंप घेऊन परत या. आमच्याशी बोलताना सुपरवायझरला थोडं लांब उभं करा. परप्रांतातल्या पोरांशी हिंदीत बोला, ती सगळं सांगतील. आणि तपासणीचा अहवाल आम्हालाही वाचायला मिळाला पाहिजे.

मालकांकडे आणि व्यवस्थापनाकडे मागण्या स्पष्ट लिहिते :

१. बोर्डावरची सूचना मागे घ्या. तपासणीच्या दिवशी फेटलिंग, नॉक-आउट आणि वाळूचा प्लँट रोजच्यासारखा चालू राहील आणि ठेकेदाराचे सगळे कामगार हजर राहतील, अशी नवी सूचना लावा.

२. तपासणीची वाट न पाहता फेटलिंग, नॉक-आउट, कोअर शॉप, वाळूचा प्लँट आणि लायनिंग या प्रत्येक कामावरच्या माणसाच्या अंगावर पंप लावून पूर्ण पाळीचं मोजमाप करा. आकडे त्या त्या शॉपच्या बोर्डावर मराठीत आणि हिंदीत लावा. मर्यादेच्या वर आले तर काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते त्याच कागदावर लिहा.

३. हूड, डक्ट आणि बॅग फिल्टरची दुरुस्ती आधी करा, रंगकाम नंतर. दाबाची नोंद सँड लॅबच्या रजिस्टरसारखी प्रत्येक पाळीत ठेवा.

४. हवेचा पाइप मारून सफाई आणि कोरडा झाडू आजपासून बंद. व्हॅक्यूम घ्या.

५. लायनिंग फोडताना आणि भरताना भट्टीच्या तोंडाशी धूळ ओढणारा हूड, हाफ मास्क आणि माणसांची अदलाबदल असल्याशिवाय कुणालाही आत उतरवू नका. हे काम कुणी, कधी केलं याची नावानिशी नोंद मुख्य कारखान्याने ठेवावी, ठेकेदारावर सोडू नये.

६. प्रत्येक कामगाराचा, ठेकेदाराच्या माणसासह, एक्स-रे आणि पीएफटी कामाला लागताना आणि दरवर्षी, कारखान्याच्या खर्चाने. रिपोर्टची प्रत कामगाराच्या हातात. काम सोडून गेलेल्यांनाही बोलावून तपासा. कुणाला सिलिकॉसिस निघाला म्हणून त्याला कामावरून काढायचं नाही, पगार न कापता धुळीपासून दूरचं काम द्यायचं.

७. ठेकेदाराच्या प्रत्येक माणसाचा ईएसआय नंबर पहिल्याच महिन्यात.

८. कामाचे कपडे कारखान्यातच बदलायची आणि धुवायची सोय. ते घरी न्यायला लागू नयेत.

९. सेफ्टी कमिटीची बैठक खरोखर भरवा, आणि मिनिट्स बैठकीतच लिहा.

यातली सहावी मागणी एकट्या कारखान्याला जड वाटत असेल, तर वसाहतीतल्या सगळ्यांनी मिळून एक फिरतं एक्स-रे युनिट आणि आयएलओ पद्धतीने फिल्म वाचणारा डॉक्टर ठेवा. तुमची संघटना आहे, प्रदर्शनं भरवता, वाळू आणि भंगाराच्या भावावर एकत्र बसता, यावरही बसता येईल. आणि सरकारकडे एक मागणी तुम्ही आणि आम्ही मिळून करू. राजस्थानने २०१९ साली न्यूमोकोनिऑसिसचं, म्हणजे सिलिकॉसिससारख्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांचं, धोरण केलं. त्यात निदान झालेल्या रुग्णाला तीन लाख आणि तो गेल्यावर कुटुंबाला दोन लाख रुपये, शिवाय पेन्शन आहे, आणि प्रमाणपत्र देणारी मंडळं आहेत. ज्यांच्याकडे मालकाचा एकही कागद नाही, अशा माझ्या मिस्टरांसारख्या माणसांसाठी आपल्या जिल्ह्यातही तशी सोय हवी. तुम्ही ही मागणी केलीत तर ती लवकर ऐकली जाईल.

ही जी तपासणी येते आहे तिची खरी तयारी करायला अजून वेळ आहे. डक्टचं भोक आजच्या पाळीत बुजवता येईल. आमच्या कारखान्यातल्या साहेबांनी या पत्राचं उत्तर तपासणीच्या आधी सेफ्टी कमिटीला लेखी द्यावं, ही विनंती. इतर कारखान्यांतल्या कमिट्यांवरच्या भावा-बहिणींनी हे पत्र आपापल्या व्यवस्थापनाला द्यावं, त्यात आपल्या शॉपची तक्रार जोडावी, आणि दिल्याची पोच घ्यावी.

कळावे,

आपली,
कोअर शॉपमधील एक कामगार
सेफ्टी कमिटी सदस्य (कामगार प्रतिनिधी), कोल्हापूर